चहा, वडापाव, खारी अशा वरखर्चाने घरचं बजेट खरंच कोलमडतं का?

तुम्ही लिहिलंय की दोघांचा मिळून ६८ हजार पगार येतो, भाडं आणि हप्ता जाऊनही निम्मे हातात राहतात, मोठी खरेदी काहीच नाही, तरी २० तारखेला खात्यात खडखडाट. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी हुबेहूब हेच होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या आईचा दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या चौकटीत असायचा. रोज किती लिटर आलं तो आकडा, आणि गवळी आला नाही किंवा आम्ही गावाला गेलो की त्या दिवसावर फुली, म्हणजे खाडा. महिनाअखेरीला आई बोट ठेवून चौकटी मोजायची आणि मगच पैसे द्यायची. वाण्याचीही वही होती. खर्च लहान असला तरी तो कुठेतरी शाईने उमटायचा. आता मोबाईल पुढे केला, 'टिंग' वाजलं, झालं. मला वाटतं खरी गोम इथेच आहे. २० रुपयांचा वडापाव महाग नाही, पण तो घेतल्याचं रात्री आठवतसुद्धा नाही.

आम्ही एका महिन्याचं यूपीआयचं स्टेटमेंट काढून बसलो. एकूण १४३ व्यवहार, त्यातले ९७ शंभर रुपयांच्या आतले. त्या ९७ची बेरीज ४,३६५ रुपये. खारी, रिक्षा, मुलाचं कोल्ड्रिंक, झेरॉक्स, ऑफिसखालचा चहा. हे होणारच होतं, याचं फार वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते दहा मिनिटांत घरी सामान आणणाऱ्या ॲपचं. महिन्यात १९ ऑर्डरी, ५,१३० रुपये. एक ऑर्डर उघडून बघितली. हवी होती फक्त कोथिंबीर. तेवढ्यासाठी डिलिव्हरीचे वेगळे पैसे पडतात म्हणून वेफर्स, मग आइस्क्रीम, मग घरात आधीच असलेलं शेंगदाण्याचं पाकीट. कोथिंबीर १५ रुपयांची, बिल २३८. पुढच्या ऑर्डरीत पुन्हा तीच गत. दोन्ही मिळून ९,४९५. आमच्या दोघांच्या ७२ हजार पगारातला आठवा हिस्सा आणि वर थोडं. घरात कोणी चैन केली, असं एकालाही वाटत नव्हतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: एकेकटा वरखर्च बजेट मोडत नाही, पण कोणीही न ठरवता रोज होणारा खर्च नक्की मोडतो. त्यातही घरातले चार जण चार मोबाईलवरून करत असतील तर कुणालाच अंदाज येत नाही.

आम्ही केलं ते एवढंच. वाणसामानाची यादी परत सुरू केली, महिन्यातून दोनदा, आणि ॲपमधून साठवलेलं कार्ड काढून टाकलं. वरखर्चासाठी १ तारखेला ठरावीक रक्कम यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे यूपीआय ॲपमधल्या लहान खर्चाच्या पाकिटात, भरतो. एक मात्र सांभाळा, लाइटमधले लहान व्यवहार बँकेच्या पासबुकात एकेक करून दिसत नाहीत, फक्त भरलेली रक्कम दिसते. त्यामुळे आपोआप भरणा होण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर होता तो हिशेबही जाईल. आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रात्री जेवण झालं की प्रत्येक जण आपापला आकडा लिहितो. मुलाने सुरुवातीला कुरकुर केली, आता तोच आठवण करतो.

पहिल्या महिन्यात काही कमी करू नका, फक्त लिहा. मग घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा काय ठेवायचं. आमच्याकडे सध्या वरखर्च साडेचार हजारांच्या आसपास येतो आणि ५ हजारांचं आरडी चालू आहे. सासरे रोज सकाळी मित्रांबरोबर कट्ट्यावर १२ रुपयांचा चहा घेतात, महिन्याचे ३६०. त्याला कोणी हात लावायचा नाही, हे पहिल्याच रात्री ठरलं होतं.