शॉकची स्प्रिंग घरी बदलू का?

प्रश्न: माझ्या मोटारसायकलला मागे दोन शॉक आहेत. मागे कोणी बसलं की खड्ड्यात गाडी खाली आपटते. जाड तारेच्या नव्या स्प्रिंगा आणल्या आहेत. स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर नाही. मित्र म्हणतो, पट्टे आवळून बांधू, दोघं मिळून दाबू आणि स्प्रिंग अडवून धरणारं लॉक काढू. करू का?

उत्तर: नका करू. पट्टे आणि हाताचा जोर, दोन्ही विसरा. समजा, तुमची स्प्रिंग दर मिलिमीटरला 20 न्यूटनची आहे. शॉकवर असतानाच ती 20 मिमी दाबलेली असते, लॉक मोकळं व्हायला आणखी 15 मिमी दाबावी लागते. झाले 700 न्यूटन, म्हणजे सत्तर किलोंच्या आसपास. पट्टा सरकला की स्प्रिंगवरची टोपी थेट समोरच्याच्या तोंडावर येते. जाड तारेची स्प्रिंग तर याहून कडक.

मुळात दोष स्प्रिंगचा आहे का, तेही बघा. सीट जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा झुलली किंवा रॉड तेलकट दिसला तर शॉकच संपलाय. त्यावर कडक स्प्रिंग चढवली तर गाडी आणखी उडेल. शॉक चांगला असेल तर आधी सी-पान्याने (हुकासारख्या वाकड्या पान्याने) स्प्रिंगखालची रिंग एक-दोन खाचा वर चढवून बघा, दोन्हीकडे सारखी. बऱ्याचदा एवढ्यानेच आपटणं थांबतं.

तरीही बदलायचीच असेल तर शॉक घरी उतरवा, पण स्प्रिंग मोटारसायकलच्या कॉम्प्रेसरवरच काढा. कारच्या कॉम्प्रेसरचे हुक जाड असतात, या बारीक वेढ्यांत नीट बसत नाहीत आणि निसटतात. गाडी मेन स्टँडवर घ्या, रिंग सगळ्यात खालच्या खाचेवर आणा, आणि एका वेळी एकच शॉक काढा, म्हणजे दुसरा शॉक चिमटा (मागचं चाक धरणारा सांगाडा) धरून ठेवतो. कॉम्प्रेसर असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यायला दोन्ही काढणार असाल तर मागच्या चाकाखाली फळी सारा. मला विचाराल तर तुम्ही हाच मार्ग धरा.

कॉम्प्रेसर मिळाला आणि स्वतःच करणार असाल, तर गॉगल घाला आणि तोंड स्प्रिंगच्या टोकासमोर आणू नका. हुक समोरासमोर लावून स्क्रू दोन्हीकडून सारखा, हातानेच फिरवा. वरच्या डोळ्याखाली (बोल्ट जातो त्या कडीखाली) दोन अर्धगोल लॉक दिसतील. ते लांब टोकाच्या पकडीने ओढा, बोटं वेढ्यांत घालू नका. रॉडला मात्र पकड लावायची नाही. क्रोमवर एक ओरखडा पडला तरी सील फाटतं, तेल गळतं. लॉक दिसतच नसेल तर तो शॉक बहुधा घरी उघडण्यासाठी बनवलेला नाही, वर्कशॉपमध्ये दाखवा. गॅसचा शॉक असेल तर त्याची नळी कापू किंवा तापवू नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

नवी स्प्रिंग जुनीशेजारी उभी करून उंची ताडून घ्या. बसवताना कॉम्प्रेसर थोडाच ढिला करून थांबा. दोन्ही लॉक टोपीच्या खाचेत सगळीकडून सारखे बसलेत का, टॉर्च मारून बघा, मगच पूर्ण सोडा. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.