वाचकांचे प्रश्न : उद्याच्या ग्राफिक्स कार्डासाठी आज किती वॅटचा एसएमपीएस घ्यावा?

प्रश्न : माझी मुलगी ॲनिमेशन शिकते. २०२२ साली आम्ही रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० कार्ड असलेला डेस्कटॉप दुकानात जुळवून घेतला. कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर (म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायवर) मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापले आहे, पण लेबलवरच्या १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १८ अँपिअर लिहिले आहे. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लांबलचक रेंडर (दृश्यांची अंतिम चित्रे तयार करण्याचे काम) लावले की संगणक अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो. दीड-दोन वर्षांत आरटीएक्स ५०७० च्या तोडीचे कार्ड घेण्याचा विचार आहे. दुकानदार म्हणतात, एकदाच १००० वॅटचा घ्या, म्हणजे पुन्हा बघायला नको. मला वीजबिलाची काळजी वाटते. घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे. काय करावे?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचून कळवलात, हे फार चांगले केले, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या एका आकड्यात आहे. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे वीज खाणारे दोन्ही मोठे भाग १२ व्होल्टवर चालतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर डिस्क, यूएसबी आणि मदरबोर्डवरची किरकोळ कामे तेवढी होतात. १२ ला १८ ने गुणले की २१६ वॅट येतात. म्हणजे ज्या कामासाठी एसएमपीएस घेतला, त्या कामासाठी तो २१६ वॅटचाच आहे. ४५० चा आकडा बाकीच्या व्होल्टेजची बेरीज करून गाठलेला आहे, आणि त्या बाकीच्यांची तुमच्या संगणकाला फारशी गरज नाही.

तुमचा प्रोसेसर पूर्ण भाराखाली ७६ वॅटपर्यंत जातो, कार्ड ७५ वॅट घेते, आणि पंखे, डिस्क, मदरबोर्ड धरून १२ व्होल्टवरचा भार १८० वॅटच्या आसपास पोहोचतो. कागदावर हे बसते. मात्र साध्या एसएमपीएसमधले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) तीन-चार उन्हाळे काढल्यावर पहिल्या दिवसाइतके सक्षम राहत नाहीत, आणि रेंडरचे काम तासन् तास एकसारखा भार टाकते. केवळ रीस्टार्टवरून निदान करता येत नाही. तापलेला प्रोसेसर किंवा सदोष रॅमही असेच वागू शकते. तरीही रेंडरच्या वेळीच हे घडत असेल, तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर जाईल. म्हणून नवे कार्ड येईपर्यंत थांबू नका, तो आताच बदला.

आता किती वॅटचा घ्यावा ते पाहू. हिशेब आजच्या संगणकावरून न करता, तुम्ही खरोखर घेणार असलेल्या सर्वांत मोठ्या कार्डावरून मागे यायचे. आरटीएक्स ५०७० चा कमाल भार २५० वॅट आहे आणि त्यासाठी किमान ६५० वॅटच्या पॉवर सप्लायची शिफारस त्याची चिप बनवणाऱ्या खुद्द एनव्हिडिया कंपनीने केली आहे. तुमच्या मदरबोर्डवर पुढे रायझन ७ ५८००एक्स३डी सारखा प्रोसेसर बसवलात, तर तो १४२ वॅटपर्यंत जाईल. उरलेल्या सगळ्यासाठी ७० वॅट धरले तर बेरीज ४६२ होते. ग्राफिक्स कार्ड मात्र सरळ रेषेत वीज घेत नाही. क्षणाच्या अगदी लहान अंशासाठी ते आपल्या मर्यादेच्या कितीतरी वर उडी मारते, आणि कमकुवत पॉवर सप्लाय नेमका त्या उडीला बंद पडतो. याच कारणाने २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या मानकात पॉवर सप्लायने १०० मायक्रोसेकंद इतका वेळ आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सहन केला पाहिजे, अशी अट घातली गेली.

माझे स्पष्ट मत असे, की तुम्ही त्याच मानकाच्या पुढच्या, एटीएक्स ३.१ आवृत्तीचा, ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या दर्जाचा, ७५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय घ्यावा. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टला ६२ अँपिअरच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. ६५० मध्येही काम भागेल, पण मग ३०० वॅटच्या आरटीएक्स ५०७० टीआयकडे वळण्याची वाट जवळपास बंद होते, कारण त्या कार्डासाठी ७५० ची शिफारस आहे. १००० वॅटची मात्र तुम्हाला गरज नाही. दुकानदारांचा सल्ला वाईट हेतूचा नसेलही, पण त्या पैशांत रॅम वाढवलीत तर मुलीच्या कामाला अधिक उपयोग होईल.

वीजबिलाबद्दलची भीती मनातून काढून टाका. पॉवर सप्लायवर लिहिलेले वॅट ही त्याची कमाल क्षमता असते. संगणक जेवढे मागेल तेवढीच वीज तो भिंतीतून घेतो आणि वर थोडी उष्णतेत घालवतो. फरक पडतो तो या घालवण्यात. समजा संगणकाला २५० वॅट लागत आहेत. ९० टक्के कार्यक्षमतेचा पॉवर सप्लाय त्यासाठी २७८ वॅट घेईल आणि ८२ टक्क्यांचा ३०५. रोज पाच तास, वर्षाचे ३०० दिवस काम धरले, तर हा फरक सुमारे ४० युनिटचा होतो. युनिटला १० रुपये धरले तर ४०० रुपये. म्हणजे गोल्ड दर्जासाठी मोजलेले जादा पैसे काही वर्षांत बऱ्याच अंशी परत येतात. ८० प्लस हा शिक्का कार्यक्षमतेपुरता आहे, हे मात्र ध्यानात असू द्या; आतल्या भागांचा टिकाऊपणा त्यावरून कळत नाही. तो जोखायचा तर वॉरंटी किती वर्षांची आहे ते पाहा. सात किंवा दहा वर्षे असेल तर कंपनीचा स्वतःच्या मालावर विश्वास आहे असे समजायला हरकत नाही.

केबलींविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण इथे होणारे नुकसान भरून येत नाही. आरटीएक्स ५०७० ला १६ पिनांचा नवा कनेक्टर लागतो. त्याची आधीची आवृत्ती २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांवर वितळल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा १२व्ही-२×६ ही सुधारित आवृत्ती आणली गेली; तिच्यातल्या चार बारीक संकेत-पिना मुद्दाम आखूड केल्या आहेत, म्हणजे प्लग पूर्ण आत गेला नसेल तर कार्ड पूर्ण वीज मागतच नाही. ही केबल पॉवर सप्लायसोबत मूळचीच असावी. लावताना ती सरळ धरून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा, नंतर अंगठ्याने कड चाचपून कुठे फट राहिली नाही ना ते पाहा, आणि पहिले दीड-दोन इंच तिला वाकवू नका. जुन्या ८ पिनांच्या कनेक्टरचे कार्ड घेतलेत तर प्रत्येक कनेक्टर १५० वॅटसाठी असतो. दोन कनेक्टर असतील तर दोन स्वतंत्र केबली ओढा. बाजारात सॅटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) प्लगवरून ८ पिनांचा कनेक्टर काढून देणारे जोड मिळतात, ते घरात आणूही नका. सॅटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि त्या मिळून जेमतेम ५४ वॅट पेलतात. त्यांतून १५० वॅट ओढले तर प्लॅस्टिक वितळणार.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः पॉवर सप्लाय बदलताना डिस्कच्या जुन्या केबली तशाच ठेवल्या होत्या. नव्या पॉवर सप्लायच्या खोबणीत त्या अगदी चपखल बसल्या. बटण दाबताच जळकट वास आला आणि सहा वर्षांचे फोटो असलेली डिस्क कायमची गेली. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या काढता येणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये केबलीचे त्याच्या बाजूचे टोक कसे जोडायचे याचे कोणतेही समान मानक नाही; एका मॉडेलमध्ये जिथे ५ व्होल्ट येतात तिथे दुसऱ्यात १२ येऊ शकतात. तेव्हा जुना एसएमपीएस काढताना त्याची शेवटची केबलसुद्धा कॅबिनेटबाहेर काढा.

राहिला यूपीएस. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतात, हा आकडा त्याच्या मागे लिहिलेला असतो. आजच्या संगणकाला तो पुरतो. नव्या कार्डासह मॉनिटर धरून ५५० वॅटपर्यंत जाणाऱ्या भाराला पुरणार नाही, आणि वीज गेल्याक्षणी यूपीएस आणि संगणक दोन्ही बंद पडतील. त्यावेळी ९०० वॅटच्या आसपासचा, शक्यतो शुद्ध साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देणारा यूपीएस घ्या, कारण ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज एकसारखी ओढणारी यंत्रणा) असलेले काही पॉवर सप्लाय स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर अडखळतात. नवा एसएमपीएस लावल्यावर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागून झिणझिण्या आल्या तर तो परत करायला धावू नका. आतल्या फिल्टरमधून झिरपणारा अल्प प्रवाह तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीत जायचा असतो. जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. आधी वायरमनला बोलावून ती तपासून घ्या.

प्रश्न : कार्यालयातून निकाली निघालेला, पातळ कॅबिनेटचा ब्रँडेड डेस्कटॉप मी घेतला आहे. त्यात मोठा पॉवर सप्लाय बसवून चांगले ग्राफिक्स कार्ड लावता येईल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : बहुधा नाही. अशा संगणकांत पॉवर सप्लायचा आकार वेगळा असतो आणि अनेक मदरबोर्डांवर नेहमीच्या २४ पिनांऐवजी त्या कंपनीचा स्वतःचा कनेक्टर असतो. त्यामुळे वेगळ्या केबलची गरज नसलेले, सगळी वीज मदरबोर्डवरच्या स्लॉटमधूनच (कार्ड बसते त्या खाचेतूनच) घेणारे, कमी उंचीचे कार्ड पाहा. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती ७० वॅटवर चालते आणि या मापात मिळते. घेण्याआधी मदरबोर्डच्या माहितीपत्रकात स्लॉटला ७५ वॅट मिळतात का ते तपासा, कारण काही पातळ मॉडेलांत तो त्याहून कमी वीज देतो.