मानेवरचा तो मळ नव्हे

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा. उंची 146 सेंटिमीटर, वजन 58 किलो. मानेमागे काळपट, जाडसर पट्टा आलाय, घासूनही जात नाही. थोरली मंडळी म्हणतात, वयात आला की अंग उतरेल. थांबावं का?

उत्तर : आधी घासणं थांबवा, त्यानं कातडी आणखी काळी पडते. रक्तातली साखर पेशींत नेणारं इन्शुलिन फार वाढलं की त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि कातडी मखमलीसारखी जाड, काळपट होते. काखेत आणि जांघेतही बघा.

म्हणजे शरीर इन्शुलिनला दाद देत नाहीये आणि इन्शुलिन बनवणारं स्वादुपिंड दुप्पट राबून भरपाई करतंय. ते पुरं पडतं तोवर साखरेचा रिपोर्ट नॉर्मलच येतो, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. वयात येताना ग्रोथ हार्मोन वाढतं आणि सडपातळ मुलांमध्येही इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. थांबायचा सल्ला मिळालाय तो नेमका याच काळात!

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते काढू : 58 भागिले 1.46, पुन्हा भागिले 1.46, आला 27.2. मोठ्यांची जाडपणाची 25ची रेघ मुलांना लावायची नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांसाठी लठ्ठपणा साधारण 22.5च्या पुढे धरतात. कंबरही मोजा. सदरा वर करून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. घेर उंचीच्या निम्म्याहून, म्हणजे इथे 73 सेंटिमीटरहून कमी हवा. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, यकृताची एएलटी तपासणी आणि रक्तदाब एवढं तपासून घ्या.

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची, जाड आहे. उपाशीपोटी साखर 108, एचबीएवनसी 5.9. मधुमेह झाला का? साखर बंद करून फळांचा रस सुरू केलाय.

उत्तर : झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहे. उपाशीपोटी 100 ते 125 आणि एचबीएवनसी 5.7 ते 6.4 ही मधुमेहपूर्व अवस्था; 126 किंवा 6.5पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं, तेव्हा हिमोग्लोबिनही बघा.

रस बंद करा. 250 मिलिलिटरमध्ये सुमारे 25 ग्रॅम साखर, म्हणजे सहा चमचे! फळ चावून खाऊ द्या. उपाशी मात्र ठेवू नका, नाहीतर रात्री डबे उघडले जातात. उंची वाढत असेल तर बहुतेकदा वजन आहे तिथे रोखलं तरी बीएमआय खाली येतो. रोज 60 मिनिटं दम लागेल असं खेळणं हवं, कारण हलता स्नायू इन्शुलिनशिवायही साखर ओढतो. तो परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. रविवारी तीन तास खेळून आठवडा भरून निघत नाही. झोप 8 ते 10 तास. आणि तिच्या एकटीचं ताट वेगळं नको, सगळ्या घराचंच बदला. वेगळं ताट मुलांना चोरून खायला शिकवतं. या टप्प्यावर सहसा गोळी लागत नाही.

प्रश्न : 14 वर्षांच्या जाड मुलाचं वजन तीन आठवड्यांत आपोआप 5 किलो उतरलं. पाणी खूप पितो, रात्री लघवीला उठतो. उतरतंय ते बरंच ना?

उत्तर : अजिबात नाही. आजच साखर तपासा. अशी लक्षणं असताना कधीही घेतलेली साखर 200 किंवा जास्त निघाली तर मधुमेह आहे. उलट्या, पोटदुखी, खोल धापा किंवा तोंडाला फळासारखा वास असेल तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. जाड आहे म्हणजे टाइप 2च (शरीर इन्शुलिनला दाद देत नाही तो मधुमेह), असं धरून चालू नका. टाइप 1, म्हणजे शरीरच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटतं तो मधुमेह, जाड मुलांनाही होतो, आणि त्या हल्ल्याच्या खुणा म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी तपासून फरक कळतो. तोवर डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू केलं तर नाही म्हणू नका. टाइप 2 निघाला तर ते पुढे अनेकदा थांबवता येतं. मात्र टाइप 2 निघाल्यास डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडाला इजा झाली की लघवीत उतरणारं प्रथिन) लगेच तपासून घ्या, कारण कोवळ्या वयात हा मधुमेह मोठ्यांपेक्षा वेगानं वाढतो.