जपानला अ‍ॅनिमे स्टुडिओत यायचंय? आधी पैसा कुठे मुरतो ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात अ‍ॅनिमेशनची पदवी झाली आहे, जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी (एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड) पास आहेस, आणि आता दोन वाटा आहेत. एक, टोकियोतल्या दोन वर्षांच्या सेन्मोन गाक्कोत, म्हणजे व्यावसायिक शिक्षणाच्या शाळेत, शिकून हाताने चित्रं काढणारी अ‍ॅनिमेटर व्हायचं. दुसरी, एका छोट्या थ्रीडी स्टुडिओने देऊ केलेली नोकरी घ्यायची. त्यामागचं तुझं गणित तुझ्याच शब्दांत: "ताई, जगभर अ‍ॅनिमे एवढं चालतंय, मग स्टुडिओंकडे पैसा येणारच ना? सुरुवातीला कमी मिळाले तरी पुढे वाढतील."

गडबड या गणितातच आहे, म्हणून व्हिसा आणि घरभाड्याच्या आधी त्यावर लिहिते. मी इथे आधी प्रॉडक्शनमध्ये होते, आता हक्कविक्रीच्या बाजूला आहे, त्यामुळे दोन्हीकडचे कागद पाहिलेत.

जपानी अ‍ॅनिमेची बाजारपेठ २०२३ साली ३ लाख ३४ हजार कोटी येनच्या वर गेली. त्यातले १ लाख ७२ हजार कोटी, म्हणजे निम्म्याहून जास्त, जपानबाहेरून आले. हा आकडा सगळेच नाचवतात. पण तो प्रेक्षकाच्या खिशातून निघालेल्या पैशाचा आहे: तिकिटं, सबस्क्रिप्शन, बाहुल्या, टी-शर्ट, अगदी पाचिंको या जुगारवजा खेळाची मशीनंसुद्धा त्यात आली. प्रत्यक्ष अ‍ॅनिमे बनवणाऱ्या कंपन्यांची उलाढाल त्याच्या साधारण आठव्या-दहाव्या हिश्श्याच्या घरात आहे. मधला पैसा कुठे मुरतो हे कळलं की तुझं उत्तर तुलाच सापडेल.

इथे बहुतेक मालिका एकट्या कुणाच्या नसतात. सात-आठ कंपन्या मिळून पैसे घालतात आणि प्रॉडक्शन कमिटी बनवतात. मंगा (जपानी कॉमिक्स) छापणारा प्रकाशक, ब्लू-रे आणि गाणी काढणारी म्युझिक कंपनी, टीव्ही वाहिनी, जाहिरात एजन्सी, खेळणीवाले, परदेशी स्ट्रीमिंगचे हक्क सांभाळणारी कंपनी अशी मंडळी त्यात असतात. ही नोंदणी केलेली कंपनी नसते, नुसती भागीदारी असते. ज्याने जेवढं घातलं त्या प्रमाणात नफा-तोटा. शिवाय प्रत्येक सदस्याकडे एकेक मादोगुची असते, म्हणजे एका प्रकारची विक्री त्याच्याच हातून होणार आणि त्याबद्दल तो कमिशन घेणार. स्टुडिओ या टेबलावर असतोच असं नाही. पुष्कळदा तो फक्त ठेकेदार असतो: ठरलेल्या रकमेत बारा भाग करून द्यायचे, विषय संपला.

एक हिशेब मांडते. आकडे माझ्या मनाचे आहेत, पण वास्तवापासून फार लांब नाहीत.

समजा रात्री उशिरा लागणारी बारा भागांची मालिका आहे. कमिटीने ३० कोटी येन जमवले. त्यातले २४ कोटी स्टुडिओला, भागाला २ कोटी. उरलेले ६ कोटी जाहिरात, इतर खर्च आणि वाहिनीच्या वेळेसाठी. हो, रात्री एक-दीडच्या त्या अर्ध्या तासाचे पैसे वाहिनी देत नाही, उलट कमिटीच वाहिनीला देते! मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा खरंच वाटेना.

मालिका लागली. परदेशी स्ट्रीमिंगचे १८ कोटी आले, जपानातल्या स्ट्रीमिंगचे ७, ब्लू-रेचे ३, वस्तूंवरच्या रॉयल्टीचे ६. एकूण ३४. तीस घातले, चौतीस आले, तर फायदा दिसतो. पण वाटणीआधी प्रत्येक मादोगुचीवाला आपलं कमिशन कापून घेतो. वीस टक्के धर, ६ कोटी ८० लाख गेले. मूळ लेखकाची रॉयल्टी वेगळी, ती सध्या सोडून देऊ. वाटायला उरले २७ कोटी २० लाख. कमिटीच्या वहीत २ कोटी ८० लाखांचा तोटा.

आता हा तोटा कुणाच्या अंगावर पडला ते बघ. परदेशी हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने १५ टक्के, म्हणजे साडेचार कोटी घातले होते. वाटणीत ४ कोटी ८ लाख परत आले, पण १८ कोटींवरचं कमिशन ३ कोटी ६० लाख तिने आधीच घेतलंय. ती खुशीत. प्रकाशकाच्या मंगाचे खंड मालिका लागल्यापासून धडाधड खपताहेत, आणि तो पैसा कमिटीच्या वहीत येतच नाही. म्युझिक कंपनीला सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाण्यासाठी आपले गायक लोकांसमोर आणता आले. राहिला स्टुडिओ. त्याने पाच टक्के घातले असतील तर दीड कोटीतले १ कोटी ३६ लाख परत आले, इथवर ठीक. पण भाग दोन कोटींत होणार होता तो २ कोटी ३० लाखांत झाला असेल, तर बारा भागांचे ३ कोटी ६० लाख एकट्या स्टुडिओच्या खिशातून गेले. तो फरक कमिटी भरून देत नाही.

आणि मालिका तुफान चालली तर? चौतीसच्या जागी शंभर कोटी आले तरी ज्या स्टुडिओचा हिस्सा शून्य, त्याला तेच २४ कोटी. फार तर दुसऱ्या सीझनला दर थोडा वाढवून मागता येतो.

हे आजचं नाही. १९६३ साली मंगाकार ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शन या स्टुडिओने 'अ‍ॅस्ट्रो बॉय' टीव्हीला दिली तीच खर्चापेक्षा कमी किमतीत. बाकीचं परदेशी विक्रीतून आणि वस्तूंवरच्या हक्कांतून भरून काढायचं, असा बेत. प्रायोजक मेइजीच्या चॉकलेटसोबत मिळणाऱ्या अ‍ॅटमच्या (अ‍ॅस्ट्रो बॉयचं जपानी नाव) स्टिकरसाठी पोरं वेडी झाली होती. तेव्हा निदान हक्क तेझुकांच्या हातात होते. तरीही १९७३ मध्ये मुशी बुडाली. कमी दराची सवय मात्र धंद्याला लागली ती लागलीच. पुढे कमिटीची पद्धत रुळली तेव्हा पैसा लावणारे वेगळे, राबणारे वेगळे, अशी विभागणी पक्की झाली. कमिटी वाईट आहे असं मी म्हणत नाही. वर्षाला ३०० च्या आसपास मालिका येतात, त्यातल्या बऱ्याच पडतात, आणि एवढी जोखीम एकट्याने कुणी घेतली नसती. पण जोखीम वाटून घेणाऱ्यांनी नफाही आपसांतच वाटून घेतला.

भाग ठरल्यापेक्षा महाग का पडतो, तर मुख्यतः वेळापत्रकामुळे. माणसं कमी, मालिका जास्त. चांगले गेन्गा, म्हणजे हालचालीतली मुख्य चित्रं काढणारे, अ‍ॅनिमेटर दोन-दोन वर्षं आधी बांधलेले असतात. उशीर झाला की चित्रं घाईने बाहेरून करून घ्यायची, ती कच्ची येतात, मग दुरुस्त करणारे साक्कान वाढवायचे. प्रसारणाची तारीख चुकवणं तर त्याहून महाग. मी पूर्वी होते त्या स्टुडिओत एका मालिकेच्या शेवटच्या दोन भागांनी अख्ख्या मालिकेचा नफा खाल्ला, आणि ती भोकं बुजवायला पुढच्या मालिकेचा आगाऊ हप्ता वापरला गेला. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर! हे चक्र एकदा सुरू झालं की नवं काम घेणं थांबवताच येत नाही. मांगलोब हा नावाजलेला स्टुडिओ २०१५ साली एक चित्रपट अर्धवट असताना दिवाळखोरीत गेला. तो चित्रपट पूर्ण करायला दुसरा स्टुडिओ उभारावा लागला.

यातून बाहेर पडलेले लोकही आहेत, आणि तुला शोधायचे तेच आहेत. 'डीमन स्लेयर'च्या कमिटीत तीनच सदस्य: अ‍ॅनिमेत पैसा लावणारी अ‍ॅनिप्लेक्स, मंगाची प्रकाशक शुएइशा आणि स्वतः युफोटेबल स्टुडिओ. २०२० च्या त्यांच्या चित्रपटाने एकट्या जपानात ४,००० कोटी येनचा गल्ला केला, त्यात बनवणाऱ्यांचा वाटा होता. मापा स्टुडिओने २०२२ मध्ये 'चेनसॉ मॅन'चा सगळा खर्च स्वतः उचलला, कमिटीच नाही. पडली असती तर सगळं त्यांच्याच अंगावर. क्योतो अ‍ॅनिमेशन स्वतःच्या कादंबऱ्या छापून त्यांवर मालिका करतं आणि आपल्या लोकांना महिन्याचा पगार देतं. प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओच्या समूहाकडे मंगा छापणारी कंपनी आहे. तोएइ स्टुडिओकडे 'ड्रॅगन बॉल' आणि 'वन पीस'सारख्या जुन्या मालिकांचे हक्क आहेत, ते दरवर्षी दूध देतात.

आपण लहानपणी हिंदीत बघितलेल्या 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन'चं अर्थशास्त्र तर वेगळंच. तिथे टीव्हीचे प्रायोजक आहेत, दरवर्षी एक चित्रपट आहे, आणि बनवणारा शिन-एइ स्टुडिओ टीव्ही असाहीच्याच घरचा. २०२५ चा शिनचॅनचा चित्रपट भारतात घडतो हे तुला माहीत असेलच. आपली भारतातली बाजारपेठ इथल्या लोकांच्या नजरेत आली आहे, त्याचा तुला उपयोग आहे. त्यावर खाली लिहिते.

स्टुडिओ टेबलावर आहे की नाही हे ओळखायची सोपी युक्ती सांगते. पोस्टरच्या तळाशी कॉपीराइटची बारीक ओळ असते ना, ती वाच. 'चेनसॉ मॅन'च्या ओळीत लेखक, शुएइशा आणि मापा. 'डीमन स्लेयर'च्या ओळीत युफोटेबलचं नाव आहे. जिथे नुसतं 'अमुक कमिटी' लिहिलंय तिथून काही कळत नाही, तेव्हा मुलाखतीत सरळ विचार की कंपनी कमिट्यांमध्ये पैसा घालते का. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. दुसरं, शेवटची श्रेयनामावली थांबवून साक्कानची नावं मोज. एका भागाला दोन-चार असतील तर ठीक. दहा-बारा दिसली आणि भागामागून भाग तेच दिसलं, तर आत आग लागलेली आहे असं समज. तिसरं, स्टुडिओ स्वतः मुख्य ठेका घेतो की दुसऱ्याच्या मालिकेतला एखाददुसरा भाग गुरोसुवर, म्हणजे अख्ख्या भागाच्या पोटठेक्यावर, करून देतो? गुरोसुवाला साखळीत आणखी एक पायरी खाली.

आता तुझ्या दोन वाटा.

सेन्मोन गाक्कोची फी वर्षाला दहा-तेरा लाख येन, राहणं वेगळं. शिकताना आठवड्याला २८ तास काम करायची परवानगी मिळते. बाहेर पडल्यावर सुरुवात दोगापासून, म्हणजे मधली चित्रं. टीव्हीसाठी एका चित्राचे साधारण २०० येन, आपले शंभर-सव्वाशे रुपये. नवखी मुलगी महिन्याला तीनशे चित्रं काढेल. झाले ६० हजार येन. टोकियोच्या सुगिनामी किंवा नेरिमा भागात, जिथे बहुतेक स्टुडिओ आहेत, एका खोलीचं भाडंच तेवढं आहे. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन आहे, म्हणजे विद्यार्थी असताना कोम्बिनीत (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानात) तू महिन्याला दीड लाखाच्या जवळ कमावशील आणि शिकून बाहेर पडल्यावर त्याच्या निम्मंही नाही. वर चित्रामागे पैसे घेणारी ही माणसं बहुधा कर्मचारी नसतात, कंत्राटी असतात. आरोग्यविमा स्वतःचा, पेन्शनचे महिन्याला सतरा हजारांवर येन स्वतःचे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून फ्रीलान्सर संरक्षणाचा कायदा आलाय, काम लेखी द्यावं लागतं आणि पैसे ६० दिवसांच्या आत. चांगलं आहे, पण त्याने दर वाढत नाही.

जपानी मुलांपैकी बरीच या काळात आईवडिलांच्या घरी राहतात किंवा घरून पैसे मागवतात. तुला ते येनमध्ये मागवावे लागतील. शिवाय तुझ्या व्हिसाला स्थिर उत्पन्नाचा करार लागतो, चित्रामागे दोनशे येनवर तो मिळणं फार कठीण. ही वाट मी तुला सुचवणार नाही. हात कितीही चांगला असला तरी.

थ्रीडीची नोकरी वेगळी. थ्रीडी आणि कम्पोझिटिंगवाले (चित्रांचे थर एकत्र जुळवणारे) स्टुडिओ सहसा पगारी नेमणूक देतात, कारण मशीन आणि सॉफ्टवेअर कंपनीचं असतं. तुझ्याकडे पदवी आहे, त्यामुळे नोकरीचा व्हिसा मिळायला हरकत नाही. ऑफरच्या कागदावर दोन शब्द शोध: सेशाइन (कायम कर्मचारी) आहे की ग्योमु इताकु (काम कंत्राटावर). पहिलं असेल तरच पुढे बोल, दुसरं म्हणजे पुन्हा कंत्राट. मग बघ पगारात ओव्हरटाइम आधीच धरलेला आहे का. 'दोन लाख चाळीस हजार, त्यात ४५ तासांचा ओव्हरटाइम' असं लिहिलेलं असलं तर मूळ पगार पावणेदोन-एक लाखच आहे.

आणि एक तिसरी वाट आहे, तू विचारली नाहीस तरी सांगते. पैसा मादोगुचीवर आहे हे वर आलंच. हक्कविक्री, परदेशी वितरण, डबिंगचं संयोजन या बाजूला हिंदी, मराठी, इंग्रजी येणारी आणि जपानीत व्यवहार करू शकणारी माणसं इथे फार थोडी आहेत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'डीमन स्लेयर'चा नवा चित्रपट भारतात हिंदी, तमिळ, तेलुगूत लागला आणि चालला. या बाजूला यायला एन-२ किमान हवी, एन-१ असली तर उत्तम. चित्रं काढायला मिळणार नाहीत हे खरं, पण दोन वर्षं थ्रीडीत काढून, प्रॉडक्शन आतून बघून इकडे वळलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांना मागणी आहे.

शाळेची फी मुदतीत भरायची घाई करू नकोस, त्यातलं प्रवेशशुल्क सहसा परत मिळत नाही. थ्रीडी स्टुडिओचा कागद नाव झाकून मला पाठव. जपानी मजकूरच पाठव, त्यांनी दिलेलं इंग्रजी भाषांतर नको. कामाच्या तासांचा रकाना बऱ्याचदा तिथेच गुळगुळीत होतो.