वाचक विचारतात : चार मिनिटांनी चित्र काळे का पडते?

प्रश्न : नागपूरच्या बजाजनगरात आमचे दुमजली घर आहे. दिवाणखान्यातील सेट-टॉप बॉक्सचे चित्र आईच्या खोलीत आणि वरच्या मजल्यावर मुलाच्या कामाच्या खोलीतही दिसावे, म्हणून आम्ही लॅन केबलवरून चालणारा एचडीएमआय एक्स्टेंडर, म्हणजे एक ट्रान्समीटर आणि दोन रिसीव्हर, बसवला. तेव्हापासून टीव्ही सुरू असताना प्रिंटर अडखळू लागला, मोबाइलचे वायफाय जवळजवळ बंद पडू लागले आणि स्विचवरचे सगळे दिवे एकाच वेळी लुकलुकू लागले. एका परिचितांच्या सल्ल्याने गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत, जिथे सगळ्या केबल एकत्र येतात, आठ पोर्टचा मॅनेज्ड (म्हणजे ज्याची सेटिंग्ज बदलता येतात असा) स्विच बसवला, त्यात आयजीएमपी स्नूपिंग सुरू केले आणि ‘अननोन मल्टिकास्ट’ (नोंद नसलेल्या गटांची पॅकेटे) हा पर्याय ‘ड्रॉप’वर ठेवला. आता बाकीचे नेटवर्क सुरळीत चालते, परंतु दोन्ही टीव्हींवरील चित्र चार मिनिटांच्या थोडे पुढे गेले की काळे पडते. रिसीव्हर बंद करून पुन्हा सुरू केला की तेवढाच वेळ चालतो. स्विच सदोष आहे काय? मुलाच्या खोलीत रिसीव्हर आणि संगणक एका साध्या पाच पोर्टच्या स्विचला जोडलेले आहेत, हेही कळवतो.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपला स्विच सदोष नाही. आपण वेळ मोजून कळवली हे फार बरे झाले, कारण चार मिनिटांच्या थोडे पुढे हा अवधीच दोष कुठे आहे ते सांगतो.

स्विच एरवी प्रत्येक पॅकेट ज्याचे त्याच्याच पोर्टवर पोहोचवतो. आपला एक्स्टेंडर चित्र ज्या प्रकारे पाठवतो त्या मल्टिकास्ट पॅकेटवर मात्र एखाद्या यंत्राचा पत्ता नसून गटाचा पत्ता असतो, जो २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ या टप्प्यात येतो. गटात कोण आहे हे साध्या स्विचला कळण्याचा मार्ग नसल्यामुळे तो ते पॅकेट सगळ्याच पोर्टांवर सोडतो. चित्र फारसे न दाबता (कॉम्प्रेस न करता) पाठवणाऱ्या एक्स्टेंडरचा प्रवाह सेकंदाला १०० मेगाबिटांच्या जवळ जाऊ शकतो, आणि प्रिंटरचे किंवा कॅमेऱ्याचे पोर्ट बहुधा १०० मेगाबिटांचेच असते, त्यामुळे नको असलेल्या चित्रानेच त्याची वाट भरून जाते. वायफायची अवस्था याहून बिकट होते, कारण ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्ट पॅकेट सगळ्यांना ऐकू जावे म्हणून सर्वात मंद मूलभूत वेगाने पाठवतो आणि २.४ गिगाहर्ट्झवर तो वेग अनेकदा सेकंदाला १ मेगाबिट इतकाच असतो. अशा वाटेवर टीव्हीचा प्रवाह सोडला की घरातल्या कोणाच्याही मोबाइलला बोलायला जागा उरत नाही.

आता स्नूपिंगकडे वळू. रिसीव्हर सुरू होताच ‘मला या गटाचे चित्र हवे’ असा आयजीएमपीचा, म्हणजे गटात येण्या-जाण्याच्या ठरलेल्या भाषेतला, निरोप पाठवतो. मॅनेज्ड स्विच तो निरोप जाता जाता ऐकतो, पोर्टची नोंद करतो आणि प्रवाह फक्त त्या पोर्टवर सोडतो. परंतु ही नोंद कायमची नसते. शाळेच्या हजेरीपटासारखी ती वेळोवेळी ताजी व्हावी लागते, आणि त्यासाठी हजेरी घेणारा कोणीतरी असावा लागतो. त्यालाच क्वेरिअर म्हणतात. तो ठरावीक काळाने ‘कोणत्या गटात कोण आहे?’ असे विचारतो आणि रिसीव्हर उत्तर देतात. प्रमाणित मूल्यांनुसार ही विचारणा दर १२५ सेकंदांनी होते, उत्तरासाठी १० सेकंदांची मुदत असते आणि दोन विचारणांचा काळ व ही मुदत मिळून २६० सेकंदांत उत्तर आले नाही तर नाव कमी होते. २६० सेकंद म्हणजे ४ मिनिटे २० सेकंद. आपल्या घरात हजेरी घेणाराच नाही, म्हणून सुरुवातीच्या निरोपाची मुदत संपताच स्विच दोन्ही रिसीव्हरांची नावे खोडतो, गट अनोळखी ठरतो आणि ‘ड्रॉप’मुळे प्रवाह थांबतो. आपण ‘ड्रॉप’ऐवजी ‘फ्लड’ (सगळीकडे सोडा) ठेवले असते तर चित्र काळे पडले नसते, पण चार मिनिटांनी जुना पूर पुन्हा सगळ्या घरात शिरला असता आणि स्नूपिंगचा काही उपयोगच नाही असा समज झाला असता.

तेव्हा स्विचच्या मेनूत स्नूपिंगच्या पानावर ‘क्वेरिअर’ हा पर्याय शोधून सुरू करावा. तो ज्या व्हीलॅनसाठी (स्विचमधील आभासी नेटवर्कसाठी) सुरू करायचा तो नेमका निवडावा, घरगुती मांडणीत तो बहुधा १ असतो. क्वेरिअरला आपल्याच नेटवर्कमधील एक आयपी पत्ता द्यावा, कारण काही स्विच पत्ता नसताना ०.०.०.० या पत्त्याने विचारणा करतात आणि काही उपकरणे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. आयजीएमपीची आवृत्ती २ ठेवणे घरासाठी सोयीचे पडते, कारण आवृत्ती ३ जाणणारी उपकरणे आवृत्ती २ ची विचारणा ऐकून स्वतः त्या आवृत्तीवर येतात. स्वस्त ‘स्मार्ट’ स्विचमध्ये पुष्कळदा स्नूपिंग असते पण क्वेरिअर नसतो. आपला तसा निघाला तर क्वेरिअर असलेला स्विच घेणे मला अधिक योग्य वाटते. राऊटरलाच हे काम सांगण्याचा मोह होतो, परंतु त्यात एक खोच आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

ज्या पोर्टवरून विचारणा येते त्या पोर्टला स्विच ‘राऊटर पोर्ट’ मानतो आणि मल्टिकास्टचे सर्व प्रवाह त्या दिशेने पाठवतो, मग तिकडे कोणी मागणारा असो वा नसो. राऊटर क्वेरिअर झाला की चित्राचा सगळा प्रवाह राऊटरकडे जातो, आणि राऊटरमध्येच वायफाय असेल तर तो हवेतही जाऊ शकतो, म्हणजे ज्या त्रासातून सुटण्यासाठी एवढा खटाटोप केला तोच परत येतो. म्हणून हजेरी घेणारा प्रवाहाच्या उगमाजवळ असावा, आणि आपला ट्रान्समीटर ज्या मध्यवर्ती स्विचला जोडलेला आहे तोच स्विच या कामाला सर्वात योग्य आहे. एकाच नेटवर्कवर दोन क्वेरिअर असतील तर सर्वात लहान आयपी पत्त्याचा जिंकतो. राऊटरचा पत्ता बहुधा १ ने संपत असल्यामुळे त्यात आयजीएमपी प्रॉक्सी (पुरवठादाराच्या टीव्ही सेवेचे मल्टिकास्ट घरात आणणारी सोय) सुरू असेल तर तो निवडणूक जिंकून बसेल. इंटरनेट पुरवठादाराची टीव्ही सेवा आपण घेत नसाल तर ती प्रॉक्सी बंद करावी.

मुलाच्या खोलीतील साधा स्विच हा दुसरा प्रश्न आहे. मध्यवर्ती स्विचच्या दृष्टीने त्या खोलीकडे जाणाऱ्या पोर्टवर एक मागणारा आहे, म्हणून तो प्रवाह तिकडे पाठवणारच, आणि पुढे साधा स्विच तो संगणकाच्या पोर्टवरही ओतणार. टीव्ही सुरू असताना त्या संगणकाला त्रास होत असेल तर तिथेही स्नूपिंग असलेला छोटा स्विच लावावा, ज्यात क्वेरिअर सुरू करण्याची गरज नाही, किंवा संगणकासाठी वेगळी केबल मध्यवर्ती स्विचपर्यंत न्यावी. ‘फास्ट लीव्ह’ हा पर्याय मात्र त्या पोर्टवर सुरू करू नये. तो सुरू असेल तर एका उपकरणाने गट सोडताच स्विच त्या पोर्टवरील पूर्ण प्रवाह तोडतो, त्यामुळे जिथे पोर्टमागे एकच उपकरण आहे तिथेच, जसे आईच्या टीव्हीच्या पोर्टवर, तो शोभतो.

बदल केल्यावर ते स्विचमध्ये ‘सेव्ह’ करावेत, कारण बऱ्याच स्विचमध्ये बदल लगेच लागू होतात पण वीज गेली की विसरले जातात. आणखी एक विनंती अशी की स्विच जिन्याच्या खोलीतून खाली आणावा. घरगुती स्विच बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, तर मे महिन्यात नागपुरात बाहेरचा पाराच ४५ च्या वर जातो, आणि सिमेंटच्या पत्र्याखालच्या खोलीत काय होत असेल ते आपण जाणताच. क्वेरिअरच तिथे असल्यामुळे तो तापून बंद पडला तर दोन्ही टीव्हींसह सगळेच बंद पडेल.

तपासणीसाठी दोन्ही टीव्ही निदान १० मिनिटे सलग चालू ठेवावेत, कारण पहिल्या चार मिनिटांत चूक दिसतच नाही. मोकळ्या पोर्टला लॅपटॉप जोडून वायरशार्क या नेटवर्कवरची पॅकेटे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिले तर दर १२५ सेकंदांनी आयजीएमपीची एक विचारणा दिसली पाहिजे आणि चित्राचा प्रवाह दिसता कामा नये.

प्रश्न : मीही नागपूरचाच. स्नूपिंग आणि ‘ड्रॉप’ सुरू केल्यापासून काही संकेतस्थळे उघडायला फार वेळ लागतो. संबंध असेल काय?

उत्तर : असू शकतो. आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, शेजारच्या यंत्राचा पत्ता शोधण्याचे काम मल्टिकास्टनेच होते, आणि त्याच्या सभासदांची नोंद आयजीएमपी ठेवत नाही, तिची आयपीव्ही६ मधील जोडीदार एमएलडी ठेवते. काही स्विचमध्ये ‘ड्रॉप’ आयपीव्ही४ (जुनी पद्धत) आणि आयपीव्ही६ दोन्हींना लागू होतो, पण एमएलडी स्नूपिंग बंदच राहते. मग आयपीव्ही६ ची जोडणी अडते आणि ब्राउझर थोडा थांबून आयपीव्ही४ कडे वळतो. एमएलडी स्नूपिंग त्याच्या क्वेरिअरसह सुरू करावे, नाहीतर आयपीव्ही६ साठी अनोळखी मल्टिकास्ट ‘फ्लड’वर ठेवावे. घरात आयपीव्ही६ वरून चित्राचा प्रवाह नसेल तर दुसरा उपाय पुरेसा आहे.