सहा महिन्यांसाठी देश सैन्याकडे दिला तर?

आपण विचारले आहे की पाकिस्तान, म्यानमार, थायलंड अशा देशांत सैन्य पुन्हा पुन्हा सत्ता हाती घेते, भारतात मात्र तसे कधी घडले नाही, याचे कारण काय; आणि जाता जाता असेही विचारले आहे की निदान सहा महिने कारभार सैन्याकडे सोपवला तर या देशाला थोडी शिस्त लागणार नाही का. पहिल्या प्रश्नावर माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहितील. मी लिहायला बसलो तो दुसऱ्या प्रश्नामुळे, कारण हेच वाक्य माझे भावोजी गेली चाळीस वर्षे दर चवथीला, आरती आटोपून पानावर बसलो की उच्चारतात, आणि पुरावा म्हणून आमच्याच घरामागच्या गडग्याकडे, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणाकडे, बोट दाखवतात.

आम्ही गोवेकरांनी हे सहा महिने प्रत्यक्ष पाहिलेले आहेत. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा शरण आले, मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर झाले आणि जून १९६२ मध्ये त्यांच्या जागी मुलकी नायब राज्यपाल येईपर्यंत कारभार त्यांच्याकडे होता. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. फोंड्याच्या बाजारात वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते, आणि गावात पोर्तुगीज युद्धकैद्यांची छावणी असल्यामुळे दुकानात जवानांची सतत ये-जा असे. काल-परवापर्यंत ज्या पाखल्यांना, म्हणजे गोऱ्या पोर्तुगीज सैनिकांना, पाहून आम्ही मुले रस्ता सोडत होतो, तेच आता तारेच्या आत बसलेले दिसत, याचे आम्हाला फार अप्रूप होते. त्या ये-जा करणाऱ्यांत घाटावरचा एक तरुण कॅप्टन होता. मराठी बोलणारे घर मिळाले म्हणून तो आमच्याकडे चहाला येऊ लागला.

आमच्या शेजारी एक विधवा बाई राहत. त्यांच्या आणि आमच्या हद्दीचा वाद आजोबांच्या काळापासून चालत आलेला होता आणि त्यात काही निकाल लागत नव्हता. वाद होता जेमतेम दोन हात जागेचा, पण त्या दोन हातांत एक कापा फणस उभा होता. मार्च महिन्यातील एका सकाळी कॅप्टन दोन जवान घेऊन आला. वडिलांनी त्याला आपली बाजू मराठीत व्यवस्थित सांगितली. बाई कोकणीत बोलू लागल्या, घाबरल्यामुळे फार भराभर, आणि कॅप्टनला त्यातले काही उमगेना. मग त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून खरेदीखताचा कागद घेऊन आल्या. कागद अर्थातच पोर्तुगीज भाषेत होता. कॅप्टनने तो उलटसुलट करून पाहिला आणि अदबीने त्यांच्या हाती परत दिला. पोर्तुगीज वाचू शकणारा एकच माणूस तिथे हजर होता, आणि तो म्हणजे माझे वडील. त्यांनी हात पुढे केला नाही. त्यानंतर सुंभाची दोरी ताणून नवी हद्द आखली गेली. दोरीचे एक टोक माझ्या हातात दिले होते. दहा मिनिटांत सगळे आटोपले, चार दिवसांत चिरे हलले आणि फणस आमचा झाला.

भावोजींच्या दृष्टीने हा आदर्श न्याय आहे. ‘वर्षानुवर्षे कुजलेला दावा दहा मिनिटांत निकालात’ हे त्यांचे पालुपद, आणि ते म्हणताना ते त्याच फणसाचे तळलेले गरे खात असतात. वडिलांनी मात्र मरणापूर्वी मला सांगितले की तो कागद त्यांनी पूर्वीच वाचलेला होता आणि हद्द बाईंची होती. त्या बाईंनी तक्रार का केली नाही, असे भावोजी विचारतात. ती कोणाकडे करायची? त्यांच्या लेखी लष्करी गणवेश हेच सरकार होते, आणि सरकार तर अंगणात येऊन निकाल देऊन गेले होते. सैन्याची शिस्त ही हुकूम पाळण्याची शिस्त आहे. दोन माणसांतील खरे-खोटे पारखण्याचे काम निराळे; त्याला दोघांची भाषा समजावी लागते, आणि चूक झाली तर दाद मागायला आणखी एक दार उघडे असावे लागते.

आता सहा महिन्यांविषयी. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, १९५८ मध्ये पंतप्रधान ऊ नू यांनी स्वतःच जनरल ने विन यांच्याकडे सहा महिन्यांसाठी कारभार सोपवला. मुदत वाढत गेली, तरी १९६० मध्ये निवडणुका झाल्या आणि सत्ता परतही मिळाली. लोक म्हणाले असतील, पाहा, किती सज्जन. पण एकदा राज्य करून पाहिलेल्या सैन्याने २ मार्च १९६२ रोजी पुन्हा सत्ता घेतली, आणि या वेळी विचारून घेतली नाही. २००८ च्या राज्यघटनेनेही तिथे संसदेतील २५ टक्के जागा सैन्यासाठी राखून ठेवल्या, आणि तेवढ्यानेही भागले नाही म्हणून २०२१ मध्ये पुन्हा बंड झाले. पाकिस्तानात झिया उल हक यांनी जुलै १९७७ मध्ये ९० दिवसांत निवडणुकांचे आश्वासन दिले होते. ते ऑगस्ट १९८८ मध्ये विमान कोसळून मरण पावेपर्यंत सत्तेवर राहिले. ने विन यांनी बंड केले त्याच मार्च महिन्यात, म्हणजे आमचा गडगा हलला त्या सुमारास, दिल्लीत संसद गोव्याला केंद्रशासित प्रदेश करणारी बारावी घटनादुरुस्ती संमत करीत होती. कँडेथ गेले, कारण त्यांना जायला सांगणारे कोणी तरी त्यांच्यावर होते. भावोजी त्या सहा महिन्यांचे श्रेय गणवेशाला देतात. मी ते त्या सांगणाऱ्याला देतो.

भारतात असे का घडले नाही, याचे माझे उत्तर अर्धेमुर्धेच आहे. १९५२ पर्यंत आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली होती. पाकिस्तानला पहिली राज्यघटनाच १९५६ मध्ये मिळाली, ती दोन वर्षांत गुंडाळली गेली आणि प्रौढ मतदानाने पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला १९७० साल उजाडले. सरसेनापतींचा दिल्लीतील बंगला, आजचे तीन मूर्ती भवन, पंतप्रधानांकडे गेला, आणि १९५५ मध्ये सरसेनापती हे पदनामही रद्द होऊन तिन्ही दलांचे प्रमुख नुसते ‘चीफ ऑफ स्टाफ’ झाले. या गोष्टी दिसायला बारीक आहेत, पण कोण कोणाच्या बंगल्यात राहतो यावरून बरेच काही ठरते.

माझ्या विरोधात जाणारे उदाहरणही सांगतो, कारण भावोजींना ते ठाऊक नाही. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालची हुकूमशाही तेथील तरुण सैनिकी अधिकाऱ्यांनीच उलथली, आणि त्यानंतरच, वर्षअखेरीस, पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्या सैन्याच्या मनात गोव्याचा सल होता. १९६१ मध्ये हुकूमशहा सालाझारने त्यांना विजय नाही तर मरण एवढेच पर्याय ठेवले होते, आणि फोंड्यासारख्या छावण्यांतून १९६२ मध्ये परतलेल्या कैद्यांना मायदेशी मानाऐवजी अवहेलना मिळाली. पण ती राजवट मुळात १९२६ मध्ये सैन्याच्याच बंडातून जन्मली होती, आणि तिला संपवणाऱ्या अधिकाऱ्यांची क्रांती परिषद बरखास्त व्हायला १९८२ साल यावे लागले. सज्जन सैन्यालाही परत जायला आठ वर्षे लागली.

हेही नमूद करायला हवे की त्या कॅप्टनला हद्द आखण्याचा काडीचाही अधिकार नव्हता, वरिष्ठांना कळते तर त्याची धडगत नव्हती, आणि आमच्या दुकानात येणारे बाकीचे जवान आपल्या कामाशी काम ठेवून असत. दोष द्यायचाच तर तो माझ्या वडिलांना आधी द्यावा लागेल. माझा पुतण्या नौदलात आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

सत्तरच्या दशकात गोव्यात जमिनीची नवी मोजणी झाली तेव्हा मोजणीदारांनी गडगा जिथे दिसला तिथेच रेघ मारली, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीत, ती जागा रीतसर आमच्या नावावर लागली. गेल्या वर्षी मी त्या बाईंच्या नातवाकडे गेलो आणि ती दोन हात जागा परत घे म्हणालो. तो हसला, म्हणाला, काका, आता मोजणी, नकाशा, म्यूटेशन, कोण एवढे हेलपाटे घालणार, त्यापेक्षा फणस तेवढे पाठवत जा. यंदा मी सगळेच पाठवले. मे महिन्यात भावोजी आले तेव्हा या वर्षी झाड धरले नाही का, म्हणून विचारत होते.