वाचक विचारतात: संधिवाताची ती गोळी बंद करू का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझी आई 51 वर्षांची आहे, तिला रूमॅटॉइड आर्थरायटिस (संधिवाताचा एक प्रकार) आहे, सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत, कणीक मळणं तर बंदच झालंय. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलं होतं, आठवड्यातून एकदा. मामाने मोबाईलवर बघितलं तर ते कॅन्सरचं औषध निघालं, तेव्हापासून आईने गोळी सोडली आणि पेनकिलरवर दिवस काढतेय. शेजारचे म्हणतात जुन्या गोळ्यांत दम नाही, महागडं बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं) इंजेक्शनच घ्या. काय करू? — एक वाचक, कराड

उत्तर: ताई, आधी आईंना याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत घेऊन जा. पेनकिलरने दुखणं दबतं पण आत हाड कुरतडलं जायचं थांबत नाही, आणि एकदा बोटं वाकडी झाली की गोळीने ती सरळ होत नाहीत.

मामांनी वाचलं ते खोटं नाहीये. मेथोट्रेक्सेट कॅन्सरसाठीच आलं, अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या लॅबमध्ये, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव, ज्यांचं नाव आपल्याकडे अजून फार कमी लोकांना माहितीये याचं मला खरंच वाईट वाटतं. पण कॅन्सरमध्ये कधीकधी हे औषध ग्रॅममध्ये देतात आणि संधिवातात आठवड्याला साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम, त्यामुळं दोन्हीकडचा परिणाम वेगळा. 1985 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी याच कमी डोसची खोट्या (आत औषध नसलेल्या) गोळीशी तुलना करून फायदा दाखवला, 1988 मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी परवानगी मिळाली, आणि आजही जगभर बहुतेक पेशंटची सुरुवात याच गोळीने होते. फक्त गोळी आठवड्यातून एकदाच, वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा, कारण चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. सोबत डॉक्टर सांगतील तसं फॉलिक ॲसिड, आणि रक्त-लिव्हरच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. (घरात कुणी मूल होऊ द्यायचा विचार करत असेल आणि हीच गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, गरोदरपणात ही अजिबात चालत नाही.)

आता जुन्या गोळ्यांत दम नाही या म्हणण्याबद्दल. मला सगळ्यात आवडलेला अभ्यास स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा आहे, टिकोरा नावाचा, 2004 सालचा. 110 पेशंट, आजार नवीनच. एका गटाला नेहमीसारखं तीन महिन्यांनी बोलवलं, दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलवून सुजलेले सांधे मोजले, आजार किती जोरात आहे याचा स्कोअर काढला, आणि स्कोअर खाली येत नसेल तर तिथल्या तिथे औषध वाढवलं किंवा सांध्यात इंजेक्शन दिलं. औषधं जुनीच, बायोलॉजिक कुणालाच नाही. दीड वर्षानंतर पहिल्या गटात 16 टक्के लोकांचा आजार शांत झाला होता आणि दुसऱ्या गटात 65 टक्के! म्हणजे आईंना खरी गरज आहे ती दर महिन्याला सांधे तपासून घ्यायची आणि फरक नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायची, नुसतं बरंय म्हणून परत यायचं नाही.

आणि एकट्या मेथोट्रेक्सेटने भागलं नाही तरी लगेच लाखाचं इंजेक्शन लागतं असंही नाही. 2013 मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अशाच 353 पेशंटपैकी काहींना मेथोट्रेक्सेटसोबत सल्फासॅलझीन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या जुन्या गोळ्या दिल्या, काहींना मेथोट्रेक्सेटसोबत एटॅनरसेप्ट या बायोलॉजिकचं इंजेक्शन, आणि वर्षभराने तीन गोळ्यांचा गट मागे पडला नव्हता. बायोलॉजिकने कित्येकांचं आयुष्य बदललंय, लंडनच्या फेल्डमन आणि मैनी या संशोधकांनी 1992 मध्ये पहिल्या पेशंटना टीएनएफ (शरीरातलं सूज वाढवणारं प्रथिन) अडवणारं औषध दिलं तेव्हापासून आमची ओपीडीच पालटली, पण गोळ्यांना पुरेसा डोस आणि पुरेसा वेळ देऊन झाल्याशिवाय कर्ज काढू नका.

प्रश्न: मला पुण्यातल्या डॉक्टरांनी संधिवाताच्या नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये यायचं विचारलंय. घरचे म्हणतात तुझ्यावर प्रयोग करतील. जाऊ का? — बारामती

उत्तर: जायचं की नाही ते तुम्हीच ठरवणार, पण घाईत सही करू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, सही केल्यावर एक प्रत स्वतःकडे ठेवा. ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नंबर विचारा, भारतात 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि नंबर टाकून कुणालाही माहिती बघता येते. खोट्या औषधाच्या गटात गेलात तर चालू गोळी सुरू राहणार का आणि त्रास वाढला तर किती आठवड्यांत दुसरं औषध मिळणार, हे तोंडी नको, कागदावर दाखवा म्हणावं. ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाईचा नियम आहे, आणि मधेच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

टीबीची तपासणी झाल्याशिवाय सुरुवात करू नका. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी दबलेला टीबी उसळतो हे 2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे असंच औषध घेणाऱ्या पेशंटमध्ये दिसलं, आणि आपल्याकडे दबलेला टीबी किती जणांच्या अंगात असतो ते तुम्हाला माहितीये. टोफासिटिनिब या संधिवाताच्या नव्या गोळीच्या बाबतीतही हृदयाचा आणि कॅन्सरचा वाढीव धोका 2022 मध्ये छापलेल्या ट्रायलमधूनच कळला, पन्नाशी पुढच्या आणि हृदयविकाराची आधीच शक्यता असलेल्या हजारो लोकांना वर्षानुवर्षं तपासून. ते लोक ट्रायलमध्ये आले म्हणून आज मी माझ्या साठीतल्या सिगारेट ओढणाऱ्या पेशंटला ती गोळी लिहिताना थांबतो. तुमचं वय, बीपी, शुगर, सिगारेट हे सगळं ट्रायलच्या डॉक्टरांना खरं सांगा, आणि सध्या कुठली वाताची पुडी घेत असाल तर तीही दाखवा, कारण अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडलेलं आहे.